फुटलेल्या ताऱ्यांचे कण आपल्या अंगणात

व्हॉट्सॲपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: आज रात्री साडेबारा ते साडेतीन वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार, मोबाईल बंद करून लांब ठेवा. लोधिवली-चौक भागातल्या गटांत कुणाला तो आला असेल, तर आमचं म्हणणं सरळ आहे. फोन बंद करू नका. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ती आपण विसरलेलो नाही. पावसाळ्यात डोंगराखालच्या वाड्यांना रात्रीच फोन लागतो.

वैश्विक किरण मात्र खरे आहेत. ते वेळ ठरवून येत नाहीत, दिवसरात्र येतात. नाव किरण, पण ते उजेड नव्हेत. अणूच्या पोटातले बारीक कण, बहुतेक प्रोटॉन. वरच्या हवेवर आदळले की त्यातून नव्या कणांची सर खाली येते. तळहात आडवा धरा, साधारण सेकंदाला एक कण त्यातून आरपार जातो. आपल्या आजीच्या हातातूनही जात होता. या सरी कशा तयार होतात त्याचं गणित १९३७ साली होमी भाभांनी वाल्टर हाइटलर यांच्यासोबत मांडलं. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारणारे तेच भाभा.

मग या कणांना एवढ्या जोरात फेकतं कोण? काही तारे शेवटी फुटतात. त्यांचा ऐवज सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने पसरतो आणि पुढे धक्क्याची लाट ढकलत नेतो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर समोरून येणाऱ्या ट्रकवर पोराने चेंडू मारला (मारू देऊ नका!), तर तो जास्त जोरात परत येतो, कारण ट्रकचा वेग त्याला मिळतो. असे दोन ट्रक समोरासमोर येताहेत आणि चेंडू मध्ये सापडलाय, असं समजा. लाटेच्या दोन्ही अंगांना विस्कटलेलं चुंबकत्व असतं, ते कणाला पुन्हा पुन्हा माघारी लोटतं. एका फेरीत जोर थोडाच वाढतो. पण अशा फेऱ्या वर्षानुवर्षं चालतात, आणि चुंबकत्वाला आवरेनासा झाला की कण सुटतो, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने. या विचाराचं मूळ एन्रिको फर्मी यांनी १९४९ मध्ये मांडलं.

पुरावा मिळायला उशीर लागला. वाटेतलं चुंबकत्व कणाला इतकं वळवतं, की दहा हातांतून आलेल्या नोटेसारखं त्याचं मूळ गाव कळत नाही. गॅमा किरण मात्र सरळ येतात. २०१३ मध्ये फर्मींच्याच नावाच्या अवकाश दुर्बिणीला दोन फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांतून असे गॅमा किरण सापडले, ज्यांवर प्रोटॉनची ठळक खूण होती. सगळ्यात ताकदीचे कण कुठले, हा शोध अजून चालूच आहे.

या अवशेषांत इलेक्ट्रॉनही पळतात. चुंबकत्वात गोल फिरताना ते रेडिओ लहरी सोडतात. आपला कार्यक्रम येतो त्याच जातीच्या लहरी! नारायणगावजवळ खोडदला आणि आसपासच्या शिवारांत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, त्या अशा लहरी टिपतात.

भात घरात आलं की नोव्हेंबरात संध्याकाळी उत्तरेला बघा. पाच ताऱ्यांची शर्मिष्ठा दिसेल. नोव्हेंबर १५७२ मध्ये तिथेच एक नवा तारा झळकला होता, टायको ब्राहे यांनी त्याच्या नोंदी ठेवल्या. आता त्या जागी नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, पण त्या स्फोटाची लाट अजून पसरतेच आहे.