ऑस्ट्रेलियाची वाइन : पारख, मोल आणि साठवण



नगर जिल्ह्यात मद्यावर व्याख्यान म्हटले की काही भुवया उंचावणार, हे मी धरूनच चाललो आहे. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्याला मोठा विरोध ह्याच जिल्ह्यातून, राळेगणसिद्धीहून झाला. अण्णा हजारे ह्यांनी उपोषणाचा इरादा जाहीर केला, मग तो स्थगित केला, आणि तो निर्णयही त्या वेळी अमलात आला नाही. 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असे त्या वादात पुष्कळांनी सांगितले. माझ्या मते हे म्हणणे टिकणारे नाही. वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण सामान्यतः शेकडा बारा ते पंधरा असते, आणि जिच्यात मद्यार्क आहे ती दारू. एवढे आरंभीच कबूल केले म्हणजे पुढचे बोलणे सरळ होते.

मग हा विषय घेण्याचे कारण काय? कारण असे की आपल्याकडची मुलेमुली मेलबर्नला नि सिडनीला जाऊन स्थायिक झाली आहेत. सुट्टीत येताना त्यांतला एखादा जावई किंवा मुलगा एक उंची बाटली घेऊन येतो आणि सांगतो, 'बाबा, ही फोडू नका, ठेवून द्या, दहा वर्षांनी हिची किंमत चौपट होईल.' वडीलमंडळी ती देव्हाऱ्यापासून लांब, बहुधा कपड्यांच्या कपाटात ठेवून देतात. त्यातच, ऑस्ट्रेलियाशी व्यापारकरार झाला, जकात उतरली, तेव्हा सोन्यासारखे ह्यातही पैसे गुंतवावे काय, असे विचारणारे भेटतात. ह्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायचे तर ह्या बाटलीत नेमके काय असते आणि आपण पैसे कशाचे मोजतो, हे समजून घेतले पाहिजे.

परदेशची द्राक्षमदिरा ह्या जिल्ह्याला नवी आहे, असे मात्र कोणी समजू नये. प्रवरेच्या काठी नेवासे येथे १९५४ ते ५६ ह्या काळात डॉ. ह. धी. सांकळिया आणि डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी उत्खनन केले, त्यात भूमध्य समुद्राकडून आलेल्या दोन कानांच्या उंच रांजणांच्या खापऱ्या सापडल्या. असे रांजण मद्य आणि तेल वाहून आणण्यासाठी वापरीत. एका ग्रीक दर्यावर्दीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या वृत्तान्तात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत इटलीच्या मद्याचा उल्लेख आहे. भडोचहून पैठण-तेरकडे जाणारी वाट आपल्याच मुलखातून जात होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटले असून, ते ज्या देशात होते त्या देशावरून त्याला 'कापिशायन' आणि 'हारहूरक' अशी नावे पडल्याचे सांगितले आहे. मद्याचे नाव मुलखावरून ठेवायचे, ही गोष्ट इतकी जुनी आहे. ऑस्ट्रेलियाच्या बाटलीवर 'बरोसा' किंवा 'कूनावारा' अशी अक्षरे दिसतात ती ह्याच न्यायाने.

ऑस्ट्रेलियात द्राक्ष मूळचे नाही. जेम्स बस्बी नावाच्या गृहस्थाने १८३१ मध्ये स्पेन आणि फ्रान्समध्ये हिंडून वेलींच्या शेकडो जातींच्या काड्या गोळा केल्या. त्या पुढच्या वर्षी सिडनीला पोहोचल्या. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८४० नंतर जर्मन भाषा बोलणारे निर्वासित बरोसाच्या खोऱ्यात वसले आणि त्यांनी बागा लावल्या. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा नावाच्या किडीने युरोपातले मळेच्या मळे मुळापासून खाल्ले. दक्षिण ऑस्ट्रेलियात ती कीड शिरलीच नाही. म्हणून शंभर, सव्वाशे, क्वचित दीडशेहून अधिक वर्षांच्या वेली तेथे आजही फळ देतात. आपल्या द्राक्षबागायतदाराला हे ऐकून नवल वाटेल, कारण आपल्याकडे वेलीला हिवाळ्यात झोपच लागत नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, असे तिला वर्षातून दोनदा राबवावे लागते, आणि ती लवकर थकते. जुन्या वेलीला घड थोडे येतात, पण रस दाट असतो. किमतीचा पहिला अंश हा.

दुसरा अंश मुरण्याचा. आपण लोणच्याबद्दल बोलतो तेव्हा 'जुने' म्हणत नाही, 'मुरलेले' म्हणतो, आणि प्रत्येक लोणचे मुरत नाही, हेही आपल्या घरात ठाऊक असते. वाइनचे तसेच आहे. जगात होणारी बहुतेक वाइन वर्षा-दोन वर्षांत संपवण्यासाठी केलेली असते; ती ठेवली तर नुसती शिळी होते. मुरते ती ज्या वाइनमध्ये आंबटपणा, तुरटपणा आणि फळाचा अर्क भरपूर असतो ती. हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि ओकच्या पिंपातून येतो; काळा चहा फार उकळला म्हणजे जिभेला जे जाणवते तेच. वर्षे जातात तसा तो तुरटपणा मऊ होतो, रंग विटकरी होतो, आणि ताज्या फळाच्या वासाच्या जागी चामडे, तंबाखू, सुके अंजीर असे वास येऊ लागतात. हे ज्याला आवडत नाही त्याने जुन्या बाटलीवर पैसे घालवू नयेत. पुष्कळांना आवडत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही.

ऑस्ट्रेलियाची वाइन अशी मुरू शकते हे जगाला पटवणाऱ्या माणसाची हकीकत सांगण्याजोगी आहे. पेनफोल्ड्स ही पेढी एका इंग्रज डॉक्टरने १८४४ मध्ये ॲडलेडजवळ मॅगिल येथे सुरू केली. तिचा मुख्य मद्यकार मॅक्स शूबर्ट ह्याला मालकांनी युरोपात पाठवले ते शेरी आणि पोर्ट ह्या गोड, कडक मद्यांची रीत शिकायला, कारण त्या काळी ऑस्ट्रेलियात खप त्यांचाच होता. परतताना तो १९५० मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथे थांबला. तेथे त्याला चाळीस-पन्नास वर्षांच्या वाइन चाखायला मिळाल्या आणि आपल्या देशात असे काही करावे, ह्या ध्यासाने तो घरी आला. बोर्दोची द्राक्षे हाताशी पुरेशी नव्हती; शिराझ मुबलक होते. त्याने शिराझ घेतले, अमेरिकन ओकची नवी पिंपे घेतली, आणि १९५१ मध्ये प्रयोगाची पहिली वाइन केली. तिचे नाव ग्रेंज.

काही वर्षांनी सिडनीत वरिष्ठांना आणि जाणकारांना ती चाखायला दिली तेव्हा तिची यथेच्छ टवाळी झाली. १९५७ मध्ये लेखी हुकूम आला की हा उद्योग बंद करावा. शूबर्टने हुकूम मानला नाही. नव्या पिंपांसाठी पैसा मिळेना, म्हणून जुन्या पिंपांत, मॅगिलच्या तळघरांच्या अंधारात, त्याने १९५७, ५८ आणि ५९ च्या ग्रेंज गुपचूप केल्या. तोवर आधीच्या बाटल्या मुरत आल्या होत्या. संचालकांनी त्या पुन्हा चाखल्या आणि १९६० मध्ये काम परत सुरू करण्यास सांगितले. १९५५ ची वाइन पुढे स्पर्धांमागून स्पर्धांत पदके मिळवीत राहिली. ज्या १९५१ च्या बाटल्या त्या वेळी फुकट वाटल्या होत्या, त्यांतली एखादी आता लिलावात निघाली तर एक लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या पुढे जाते. इतकी वर्षे ठेवलेली ती वाइन पिण्यास कितपत चांगली उरली असेल, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. तेथे विकली जाते ती हकीकत.

हे लक्षात घेतले म्हणजे बाजाराची रीत कळते. लँग्टन्स ही ऑस्ट्रेलियातील लिलाव करणारी पेढी १९९० पासून उंची वाइनची प्रतवारी प्रसिद्ध करते, आणि ती प्रतवारी पंडितांच्या मतावर नव्हे, तर लिलावात वर्षानुवर्षे काय भाव आला ह्यावर आधारलेली असते. ग्रेंज तीत वरच्या श्रेणीत असते. तसेच ईडन व्हॅलीतील हेन्श्की घराण्याचे 'हिल ऑफ ग्रेस', जे एका चर्चसमोरच्या, १८६० च्या सुमारास लावलेल्या वेलींच्या एकाच मळ्यातून होते. पण ह्या यादीतले नाव बाटलीवर आहे एवढ्याने भाव मिळत नाही. ती बाटली कोणाकडून कोणाकडे गेली, कोठे ठेवली होती, ह्याचा अखंड दाखला लागतो. गळ्यातील रसाची पातळी खाली गेली असेल, बुचाच्या कडेने ओघळ दिसत असेल, तर जाणकार हात आखडता घेतो. म्हणूनच पेनफोल्ड्सने १९९१ पासून पंधरा वर्षांहून जुन्या बाटल्या तपासून, बूच बदलून दाखला देण्याची सोय केली. उंची वाइनच्या नकली बाटल्याही बाजारात निघतात, त्यामुळे हा दाखला म्हणजे जमिनीच्या सात-बाराइतकाच महत्त्वाचा.

आता आपले कपाट. वाइनला मानवते ते बारा ते पंधरा अंशांचे, न हलणारे तापमान, अंधार, आणि बूच असेल तर आडवी निजलेली बाटली, म्हणजे बूच ओले राहते. नगरचा उन्हाळा चाळीस अंशांवर जातो. दिवसा तापायचे, रात्री निवायचे, ह्या फेऱ्यात रस फुगतो, आकसतो, बूच सैल होते, हवा आत शिरते. दोन उन्हाळ्यांत ग्रेंजचीही रया जाईल. जुन्या वाड्याचे तळघर बरे, पण तेही मे महिन्यात पंधरा अंशांवर राहत नाही. स्वयंपाकघरातील शीतकपाट फार थंड आणि कोरडे असते. तरीही एक-दोन उन्हाळे काढायचे असतील तर कपड्यांच्या कपाटापेक्षा तेच बरे. खास वाइनसाठी केलेले शीतकपाट मिळते, मात्र वीज जाते त्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

कायद्याचेही भान हवे. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात अजून लागू आहे. मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि परवाना असला तरी किती जवळ ठेवावे ह्याला मर्यादा आहे. विमानाने येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला जकातीशिवाय दोन लिटरपर्यंत मद्य आणता येते, म्हणजे नेहमीच्या मापाच्या दोन बाटल्या. आणि ती बाटली दहा वर्षांनी विकायची म्हटली तर अनुज्ञप्तीशिवाय खाजगी माणसाला मद्य विकताच येत नाही. तेव्हा जावयाच्या 'चौपट' ह्या आकड्याला आपल्याकडे गिऱ्हाईक कोठून आणावे?

जकातीचा हिशेब मात्र ऐकण्यासारखा आहे. पूर्वी परदेशी वाइनवर शेकडा १५० जकात होती. २९ डिसेंबर २०२२ रोजी अमलात आलेल्या भारत-ऑस्ट्रेलिया करारानुसार, बंदरावर पाच अमेरिकन डॉलरांहून महाग पडणाऱ्या बाटलीवर ती १०० वर आली आणि दहा वर्षांत ५० पर्यंत उतरायची आहे; पंधरा डॉलरांहून महाग बाटलीवर ती ७५ वर आली, ती २५ पर्यंत जायची. म्हणजे वीस डॉलरांची बाटली जकातीसह पूर्वी पन्नास डॉलरांना पडे, करार सुरू होताच पस्तीसला, आणि शेवटी पंचविसाला पडेल. राज्याचे शुल्क आणि व्यापाऱ्याचा नफा त्यावर वेगळा. पाच डॉलरांखालच्या बाटलीला ह्यात सवलत नाही. हे योजून केले आहे : स्वस्त परदेशी वाइन आली असती तर नाशिकच्या उत्पादकाची पंचाईत झाली असती.

त्या उत्पादकाच्या धंद्याची एक गोष्ट आपल्या शिवेलगतची आहे. संगमनेरहून पुण्याला जाताना नारायणगाव लागते. तेथे श्यामराव चौगुले ह्यांच्या इंडेज कंपनीने १९८० नंतरच्या दशकात फेसाळ वाइन करून 'ओमर खय्याम' ह्या नावाने परदेशी विकली. हे धाडस खरोखर मोठे होते. पुढे तिने चक्क ऑस्ट्रेलियातल्या मद्य कंपन्या विकत घेतल्या. पण त्याच सुमारास, २००८ नंतर, मंदी आली, कर्ज डोईजड झाले आणि काही वर्षांतच कंपनी अवसायनात गेली. त्या पडझडीत महाराष्ट्रात अनेक शेतकऱ्यांनी वाइनची द्राक्षे उपटून टाकली. वेल लावल्यापासून चांगली वाइन हाती यायला वर्षे लागतात. कर्जाचा हप्ता तीन महिन्यांनी येतो.

तरीही ज्याला परवाना काढून, रीतसर, एखादी चांगली बाटली घ्यायची आहे, त्याने नावाजलेल्या नावामागे धावू नये. बरोसाचे मध्यम किमतीचे शिराझ, कूनावाराच्या लाल मातीतले कॅबर्ने, क्लेअर व्हॅलीचे रीझ्लिंग घ्यावे. क्लेअरच्या मद्यकारांनी २००० सालच्या हंगामापासून एकजुटीने बूच टाकून आट्यांचे झाकण स्वीकारले. ते स्वस्तपणाचे लक्षण समजू नये. बुचामुळे येणारा कुबट वास त्यात टळतो आणि बाटली उभी ठेवली तरी चालते. हंटर व्हॅलीचे सेमियों कोवळेपणी लिंबाच्या पाण्यासारखे फिके लागते. दहा-पंधरा वर्षांनी त्याला भाजलेल्या पावाचा नि मधाचा वास येतो. शक्य असेल तर ती वर्षे त्याने ऑस्ट्रेलियातच काढावी आणि मग इकडे यावे.

आणि कपाटात आधीच एखादी ठेवलेली असेल तर ती ह्या उन्हाळ्यापूर्वीच उघडावी. बुचाची असेल तर आदल्या दिवशी बाटली उभी करावी, म्हणजे गाळ तळाशी बसेल. मग हलके बूच काढून, दिव्यासमोर धरून, स्वच्छ काचेच्या भांड्यात संथपणे ओतावी आणि गाळ गळ्याशी आला की थांबावे. आधी नुसता वास घ्यावा. शिरक्यासारखा आंबूस वास आला तर समजावे की कपाटाने आपले काम केले.