टॉवेल वाळतो तो वाऱ्याने

जोगेश्वरी पूर्वेची सहाव्या शतकातील लेणी ज्यांनी पाहिली असतील, त्यांना तेथील शिल्पांची झिजलेली मुखे आठवत असतील. शतकानुशतके झिरपणाऱ्या पाण्याने दगडाची ही दशा केली. जी ओल दगडाला सोडत नाही, ती आपल्या घरातील वस्त्रांना कशी सोडेल? आषाढ-श्रावणात सकाळी वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशी स्नानाच्या वेळीही दमटच हाती येतो. त्याचा कुबट वास म्हणजे ओलीत वाढलेल्या सूक्ष्म जीवांची खूण. चातुर्मासात जीवोत्पत्तीविषयी जपणाऱ्या आपल्या घरांना तरी हा प्रश्न क्षुल्लक वाटू नये.

आमच्या घरी खिडकीच्या जाळीपासून एसीच्या बाहेरील यंत्राच्या लोखंडी स्टँडपर्यंत एक तार बांधलेली होती. ती काढून दुसरी सोय करावी, असे सौभाग्यवती दोन पावसाळे सांगत होत्या. मी बँकेतून निवृत्त झालो, तरी प्रकरण पुढच्या तारखेवर ढकलण्याची सवय काही निवृत्त झाली नव्हती. गेल्या जुलैत एके सकाळी ओला टॉवेल तारेवर टाकताना त्यांच्या हाताला विजेचा झटका बसला. पायांत रबरी चपला होत्या, म्हणून थोडक्यात निभावले. यंत्राच्या वायरचे आवरण उन्हापावसाने तडकले होते आणि वीज स्टँडमधून तारेत उतरली होती. त्याच दिवशी वायर बदलली, लोखंडी तार काढून टाकली आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवून घेतला. वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी तार असेल, तर त्यांनी हा लेख पुढे वाचण्यापूर्वी ती काढावी.

आता टॉवेल वाळवायचे कोठे? मला आठवण झाली ती इंग्लंडमधील लेस्टरची. हिवाळ्यात कन्येकडे राहिलो असताना तिच्या घरातील रेडिएटरवर अडकवलेली एक साधी लाकडी मांडणी मी पाहिली होती. रेडिएटर म्हणजे भिंतीलगतची, आतून गरम पाणी फिरणारी लोखंडी पेटी. तिच्या उबेवर टॉवेल काही तासांत कोरडा होई. जोगेश्वरीत रेडिएटर नाही, पण फ्रिजच्या बाजू गरम असतात, असा विचार करून मी तेथे एक दांडी टांगली. चार दिवसांत चूक उमगली. फ्रिजने बाहेर टाकायची उष्णता टॉवेलने अडवली, यंत्र अखंड घरघरू लागले आणि टॉवेल मात्र दमटच राहिला.

मग हिशेबाची वही काढली. टॉवेल स्वयंपाकघरातील काट्यावर तोलला. कोरडा ४८० ग्रॅम, पिळल्यानंतर ७६० ग्रॅम. म्हणजे २८० ग्रॅम पाणी घराबाहेर घालवायचे. ३० अंश तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरते. आर्द्रता ८५ टक्के असेल, तर तिच्यात शिल्लक जागा जेमतेम साडेचार ग्रॅमची. २८० ग्रॅमसाठी निदान ६० घनमीटर हवा लागणार. आमची दहा फूट बाय बारा फुटांची खोली धरते सुमारे ३२ घनमीटर! बंद खोलीत टॉवेल का वाळत नाही, याचे उत्तर वहीतच मिळाले. लेस्टरचे गणित निराळे. तेथे बाहेरची पाच अंशांची हवा सात ग्रॅमहून कमी बाष्प घेऊन आत येते. घरात ती २० अंशांपर्यंत तापली, की तिच्यात आणखी दहा ग्रॅमची जागा होते. रेडिएटरच्या यशात त्या कोरड्या हवेचा वाटा मोठा. आपल्याकडे हवा आधीच कर्जात बुडालेली. तिला ऊब देऊन भागत नाही, ती बदलत राहावी लागते.

ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जुन्या दारांचे सागवान मिळते. तेथून पाच फुटांच्या दोन पट्ट्या आणि अडीच फुटांचे, इंचभर जाडीचे पाच गोल दांडे आणले. शिडीप्रमाणे नऊ-नऊ इंचांवर दांडे बसवले. लोखंडी खिळ्यांचा गंज वस्त्रांना लागतो, म्हणून स्क्रू पितळी घेतले. लाकडाचा रंग उतरू नये यासाठी वॉर्निशचे दोन हात दिले आणि ते पूर्ण सुकल्यावरच वापर सुरू केला. शिडी घसरू नये म्हणून पायांना रबर लावले आणि वरचे टोक भिंतीतील दोन आकड्यांत अडकवले. ती भिंतीला चिकटवून ठेवायची नाही. भिंत आणि टॉवेल यांच्यात चार इंच तरी मोकळे हवेत, नाहीतर टॉवेलची ओल भिंतीला जाते आणि तेथे बुरशी धरते. टॉवेल दुमडून न टाकता दोन दांड्यांवर पसरावा. पंखा बाजूने लावावा आणि समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवावी. ओली हवा बाहेर गेली पाहिजे. विजेच्या हीटरवर मात्र वस्त्र कधीही टाकू नये. आगीला ते निमंत्रण ठरते.

पहिल्या दिवशी सकाळी सातला टाकलेला टॉवेल दुपारी एकच्या सुमारास तोलला. काटा ४९० वर होता. पावसाची संततधार चालू होती. दुसऱ्या दिवसापासून पूजेची वस्त्रे आणि पाण्याचे गाळणेही त्याच शिडीवर वाळू लागले.

वर्ष होत आले. सौभाग्यवती अजूनही वस्त्र टाकण्यापूर्वी दांड्याला क्षणभर उलट्या हाताने स्पर्श करून पाहतात. दांडा लाकडाचा आहे, जवळपास वायर नाही, हे त्यांना ठाऊक आहे. मी काही बोलत नाही. दोन पावसाळ्यांच्या माझ्या दिरंगाईचे ते व्याज आहे, आणि ते अजून फिटलेले नाही.