गुरुवारच्या रात्रीचे रंग

सांगलीत आमच्या घरापासून थिएटर हाकेच्या अंतरावर होतं. शुक्रवारी सिनेमा बदलायचा, म्हणून गुरुवारी रात्री शेवटचा खेळ सुटला की बॅनर उतरवायचे. दोर सैल झाल्याचा आवाज यायचा, मग मांजरपाटाचं ते प्रचंड कापड धप्पकन खाली पडायचं आणि कंदिलाच्या उजेडात दोन माणसं हेमामालिनीच्या चेहऱ्याची घडी घालायची. मी खिडकीशी उभा असायचो. वय आठ-नऊ. सिनेमा वर्षातून दोनदा पाहायला मिळे, सणाला आणि मामा आला की. बॅनर मात्र वर्षाला पन्नास पाहिले. जो सिनेमा पाहायला मिळाला नाही, तोही माझा झाला तो या रंगवलेल्या चेहऱ्यांमुळे. आज साठीला टेकलो तरी हे वेड सुटलेलं नाही. जुने सिनेमे मी पुन्हा पुन्हा पाहतो, नटांवर लिहिलेलं सगळं वाचतो, पण जीव अडकला आहे तो चित्रांत. पोस्टर, बॅनर, शोकार्ड, थिएटरात दोन-चार आण्यांना मिळणारी गाण्यांची पुस्तिका यांत.

थिएटरच्या मागे पत्र्याची शेड होती, तिथे बॅनर रंगायचे. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसे. कापडाला आधी सरस आणि खडूचा हात द्यायचा, तो वाळला की छोट्या फोटोवर पेन्सिलीने चौकटी पाडायच्या आणि तेवढ्याच चौकटी कापडावर, फुटाफुटाच्या. मग एकेक चौकट उचलून तिकडे ठेवायची. रंग पावडरचे, अळशीच्या तेलात घोटलेले. कपडे, डोंगर, आगीचे लोळ ही कामं शिकाऊ पोरांची. अक्षरं काढणारा वेगळा. चेहऱ्याला मात्र फक्त पेंटरमामांचा हात लागायचा. गाल जांभळा, कपाळावर पिवळा, हनुवटीखाली हिरवा असे फटकारे ते मारत जात. जवळून पाहिलं तर काहीच कळत नसे, नुसता चिखल दिसे. मामा म्हणायचे, "बाळ, रस्त्याच्या पल्याड जाऊन बघ." मी पळत जाई आणि वळून बघावं तर तिथे धर्मेंद्र.

डोळे ते शेवटी काढत. मी एकदा कारण विचारलं. "डोळं आधी काढलं की माणूस आपल्याकडं बघाय लागतंय. मग हात चालत न्हाई." पुढे आयुष्यात चित्रकलेवर पुष्कळ वाचलं, पण व्यक्तिचित्राविषयी याहून नेमकं काही वाचल्याचं आठवत नाही.

त्या मामांच्या हाताला वळण कुठून आलं, हे शोधत गेलो तेव्हा वाट कोल्हापूरला गेली. त्याच्याही आधी मळवलीला. लोणावळ्याजवळच्या मळवलीत रविवर्मा प्रेस होता. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. दादासाहेब फाळके जे. जे. स्कूलमध्ये शिकले, या प्रेससाठी त्यांनी काम केलं, पुढे स्वतःचा छापखानाही काढला आणि मग सिनेमाकडे वळले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा पडद्यावर चाललेल्या देवादिकांचे चेहरे लोकांच्या आधीच ओळखीचे होते. भिंतीवरच्या तसबिरींनी ती ओळख करून दिली होती. आपला सिनेमा चित्रकाराच्या खोलीतून आला आहे, हे मी दर वेळी आग्रहाने सांगतो.

कोल्हापुरात तर हे नातं आडनावातच उतरलं. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९०. त्यांना सारं जग बाबूराव पेंटर म्हणून ओळखतं. आतेमामे भाऊ आनंदराव यांच्याबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, अरण्य, रस्ता हे सगळं कापडावर आणि सगळं इतकं खोल की प्रेक्षकाला आत शिरावंसं वाटावं. आनंदराव १९१६ साली गेले. दोघांनी मिळून पाहिलेलं सिनेमाचं स्वप्न बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून पुरं केलं. १९२० साली 'सैरंध्री' आला आणि लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. चित्रण सुरू होण्यापूर्वी बाबूराव प्रसंगांची रेखाटनं करत. पात्रांचे कपडे, दागिने, उभं राहण्याची ढब आधी कागदावर यायची. आणि सिनेमा झाला की त्याचं पोस्टरही तेच करत. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे आज हाती असलेलं सर्वांत जुनं भारतीय चित्रपट-पोस्टर मानलं जातं. दिग्दर्शक आणि पोस्टरचा चित्रकार एकच! असं भाग्य नंतरच्या सिनेमाला फारसं लाभलं नाही.

त्यांच्या हाताखाली जी माणसं तयार झाली त्यांची यादी वाचताना मला अजून काटा येतो. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम. १९२९ साली याच मंडळींनी, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांना बरोबर घेऊन, कोल्हापुरात प्रभात काढली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. फत्तेलाल मुळात चित्रकार. १९३६ चा 'संत तुकाराम' दामले-फत्तेलालांचा. तुकाराम झालेल्या पागनीसांच्या चेहऱ्यावर प्रकाश कसा पडतो ते नीट पाहा, तो चित्रकाराने पाडलेला प्रकाश आहे. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाची निवड जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत झाली. ते नेहमी सांगितलं जातं आणि सांगावंही. पण त्या चौकटी रचणारे डोळे नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांच्या शाळेत तयार झाले होते, हेही त्याच दमात सांगायला हवं.

याच तालमीतला आणखी एक माणूस माझ्या फार जवळचा आहे. चंद्रकांत मांडरे. 'सांगत्ये ऐका'मधला तो रुबाबदार नट आयुष्यभर निसर्गचित्रं काढत राहिला. कोल्हापूरला राजारामपुरीत त्यांचं राहतं घर आता त्यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे. धाकटे भाऊ सूर्यकांत, तेही नट आणि तेही चित्रकार. मी या संग्रहालयात चार वेळा गेलो आहे. तिथल्या डोंगरांवरची उन्हं पाहताना कळतं की कॅमेऱ्यासमोर हा माणूस अंग कसं धरायचं, मान किती वळवायची, हे चित्रकाराच्या नजरेने ठरवत असणार.

मुंबईत गोष्ट मोठी झाली. गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित इथे आले आणि सिनेमाच्या चित्रात एक वेगळीच झळाळी आली. बाबूराव पटेलांनी १९३५ साली सुरू केलेल्या 'फिल्मइंडिया'साठी पंडितांनी चित्रं केली. तिथेच त्यांच्या हाताखाली रघुवीर मुळगावकर नावाचा गोव्याचा तरुण होता. हे नाव दिवाळी अंकांच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. दिवाळी अंक हातात घेतल्याबरोबर ज्यांच्या मुखपृष्ठावर बोट फिरवावंसं वाटे त्या दोन चित्रकारांपैकी ते एक. दुसरे दीनानाथ दलाल, तेही गोव्याचेच; त्यांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ आणि सिनेमाचं पोस्टर ही सख्खी भावंडं आहेत, असं मी म्हणतो ते यामुळे. तीच तुकतुकीत कांती, तोच कडेने येणारा सोनेरी प्रकाश, वाटेवरच्या माणसाला थांबवणारी तीच नजर. आमच्या घरात आईने जपलेली मुखपृष्ठं आणि मी जमवलेली पोस्टरं एकाच ट्रंकेत होती आणि ती एकमेकांत कधी परकी वाटली नाहीत.

पंडितांचं 'बरसात'चं (१९४९) पोस्टर घ्या. नायकाच्या एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर ओठंगलेली नायिका. पुढे आर. के.चं बोधचिन्ह झालं ते हेच दृश्य. सिनेमा पाहून कितीतरी तपशील विसरतात, ती एक आकृती मात्र विसरता येत नाही. दोन अडीच तासांची गोष्ट एका देहाच्या वळणात बसवणं ही केवढी मोठी समज आहे! चांगला पोस्टर-चित्रकार हा त्या सिनेमाचा पहिला समीक्षक असतो. मर्म कशात आहे ते त्याला इतरांच्या आधी ठरवावं लागतं.

कोल्हापूरचे जी. कांबळे यांचा मान माझ्या मनात सर्वांत वरचा. ते शांतारामबापूंच्या राजकमलमध्ये होते. के. आसिफ यांनी त्यांना 'मुगल-ए-आझम'साठी ओढून नेलं. ५ ऑगस्ट १९६० रोजी हा चित्रपट मराठा मंदिरमध्ये लागला, तेव्हा थिएटरची दर्शनी सजावट आणि बाहेरचे भव्य फलक कांबळ्यांच्या हातचे होते. त्यासाठी आसिफ यांनी विलायती रंगांचा मिळेल तेवढा साठा विकत घेतला, अशी आठवण आजही सांगितली जाते. रंगावर पैसा ओतणारा निर्माता! ज्यांनी ते फलक प्रत्यक्ष पाहिले अशा एका वडीलधाऱ्यांनी मला सांगितलं होतं, तिकीट मिळालं नाही तरी लोक समोरच्या फुटपाथवर तासभर उभे राहत. त्या फलकांपैकी आज काय उरलं आहे? काही नाही. पण कांबळ्यांचं एक चित्र महाराष्ट्रात प्रत्येकाने पाहिलेलं आहे. सरकारी कचेऱ्यांत लागणारं शिवछत्रपतींचं अधिकृत चित्र त्यांचं आहे. त्या चित्रातल्या डोळ्यांकडे पुढच्या वेळी जरा थांबून बघा.

पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सुरुवातीची वर्षं सिनेमाचे फलक रंगवून जगले, ही गोष्ट फार वेळा सांगून झाली आहे. मी ती इथे एवढ्यासाठीच आणतो की हुसेन यांच्या चरित्रात हे फलक कष्टाच्या दिवसांचा तपशील म्हणून येतात, शिक्षण म्हणून येत नाहीत. चाळीस फुटी कापडावर परांचीवर उभं राहून, संपूर्ण आकृती एकदाही न दिसता, सलग एकच रेघ ओढायची सवय कुठल्या कलाशाळेत लागते? त्यांची ती प्रसिद्ध निर्भय रेघ मला तिथली वाटते.

मग आला आमच्या पिढीचा दिवाकर. दिवाकर करकरे. 'दीवार' १९७५ चा. तोपर्यंत पोस्टरवरचे चेहरे गुळगुळीत असत. करकऱ्यांनी रंग जाड लावला, पात्याने ओढला आणि चेहऱ्यावर ओरखडे तसेच राहू दिले. अमिताभचा राग संवादांत होता, आवाजात होता. भिंतीवर तो या रंगाच्या पोतात उतरला. सांगलीच्या बॅनरवर आमच्या मामांनी त्याची नक्कल केली तेव्हा गाल रंगवायला त्यांनी पत्र्याचा तुकडा घेतला होता. मी बाजूला होतो. निळा सदरा, कपाळावर आलेले केस, आणि गालावर पत्र्याने ओढलेली विटकरी रेघ. त्या दिवशी मामांनी डोळे आधी काढले. का, ते मी विचारलं नाही.

एवढं सगळं झालं, मग आज ते आहे कुठे? बॅनरचं कापड महाग, म्हणून गुरुवारी उतरलेल्या चेहऱ्यावर पांढरा हात मारून त्यावर पुढचा चेहरा रंगवला जाई. एका कापडाखाली पाच-सहा सिनेमे असत. कापड विरलं की ट्रकवर ताडपत्रीऐवजी जाई, पावसाळ्यात कुणाच्या छपरावर जाई. पोस्टरं खळीने भिंतीला चिकटवलेली, त्यांचं आयुष्य पहिल्या पावसापर्यंत. वितरकांच्या कचेऱ्यांतले गठ्ठे रद्दीत गेले. मूक चित्रपटांच्या रिळांतली चांदी काढून घेण्यासाठी रिळंच जाळली गेली, मग कागदाची काय कथा. एका गावच्या थिएटरमालकाने तीस वर्षांच्या पुस्तिका बंबात घातल्या. मी पोचेपर्यंत अर्ध्या उरल्या होत्या, त्यांतल्या एकोणीस वाचल्या. त्या एकोणीस माझ्याकडे आहेत, त्यांच्या कडा काळ्या आहेत.

सुदैवाने पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं आणि पी. के. नायर यांच्यासारखा ध्यास घेतलेला माणूस त्याला लाभला. त्यांनी रिळं तर जमवलीच, पोस्टरं आणि पुस्तिकाही जमवल्या. मुंबईत चोरबाजाराच्या मटन स्ट्रीटवर जुन्या पोस्टरांचे गठ्ठे अजून उलगडता येतात; तीस बाय चाळीस इंची कागद, चार घड्यांच्या खुणा, मागे कुठल्याशा टपालाचा शिक्का. २००२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने भारतीय सिनेमाच्या या कलेचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा इथल्या पुष्कळांना पहिल्यांदा वाटलं की ही कला असावी. आपल्याकडे भारतीय चित्रकलेच्या इतिहासात धुरंधर, हळदणकर, आबालाल रहिमान यांची प्रकरणं असतात. त्याच वास्तववादी वळणाची ही माणसं त्या इतिहासाच्या बाहेर उभी आहेत. मला हे मान्य नाही. पंडित, कांबळे, करकरे यांना त्याच पुस्तकात पान मिळालं पाहिजे, वेगळ्या खोलीत नव्हे.

मुंबईत ग्रँट रोडच्या आल्फ्रेड टॉकीजमध्ये शेख रेहमान हाताने फलक रंगवत राहिले. त्यांच्यावर 'ओरिजिनल कॉपी' नावाचा माहितीपट २०१५ मध्ये आला. मिळाला तर जरूर पाहा. वांद्र्याच्या भिंतींवर रणजित दहिया यांनी काढलेले सलीम-अनारकली आणि बांद्रा रेक्लमेशनला टेलिफोनच्या इमारतीवरचे दादासाहेब फाळके हेही पाहा. फ्लेक्स आल्यावर शेडमधले ब्रश थांबले. फ्लेक्सवरचा चेहरा दहा फुटांवरून दिसतो तसाच शंभर फुटांवरून दिसतो. रस्त्याच्या पल्याड जायचं कारणच उरलं नाही.

आमच्या गावातलं ते थिएटर पाडलं तेव्हा मागच्या भिंतीवरून मी पोस्टरांचा एक लादीसारखा थर सोडवून आणला. वर्षानुवर्षं एकावर एक चिकटवलेले कागद, दोन बोटं जाडीचा थर. गेले दोन महिने तो मोठ्या परातीत कोमट पाण्यात थोडा थोडा भिजवतो आहे आणि चपट्या सुरीने एकेक पदर उचलतो आहे. घाई केली की फाटतो. वरचे तीन गेलेच. चौथ्यात 'पिंजरा' होता, लागूंचा फेटा आणि संध्याबाईंचा अर्धा हात हाती आला. टिपकागदात दाबून ठेवला आहे. काल रात्री पाचव्या पदराचा कोपरा सुटला. त्याखाली जांभळट गाल आहे, त्यावर पिवळा फटकारा. आज डोळ्यापर्यंत पोचेन असं वाटतं.