मुतखड्याची कळ : थंडी वाजली तर सकाळची वाट पाहू नका

मुतखड्याची कळ एकदा सोसलेल्याला ती समजावून सांगावी लागत नाही. पाठीच्या एका बाजूला, बरगडीखाली सुरू होते, कुशीतून जांघेपर्यंत उतरते, लाटेसारखी येते आणि ओसरते. माणसाला धड बसवत नाही, झोपवत नाही. मूत्रवाहिनी जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर रुंद. तिच्यात खडा अडकला की मागे लघवी तुंबते, मूत्रपिंड ताणले जाते आणि कळ येते.

मात्र कळ जितकी मोठी तितका धोका मोठा, असा हिशेब इथे चालत नाही. ५ मिलिमीटरहून लहान खडा जीव नकोसा करतो आणि बहुतेक वेळा आपोआप पडून जातो. याउलट दुखणे सोसण्याजोगे आहे, पण थंडी वाजून ताप भरला, तर त्याच रात्री रुग्णालय गाठायला हवे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करावा. तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला की तो काही तासांत रक्तात पसरू शकतो. नुसत्या अँटिबायोटिकने तेव्हा भागत नाही. स्टेंट किंवा नळी घालून लघवीला वाट करून द्यावी लागते. पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणून निर्धास्त झोपणे जिवावर बेतू शकते.

लघवी बंद झाली, उलट्यांमुळे पाणीही पोटात ठरेना, गोळी घेऊनही कळ थांबेना, तरीही थांबू नये. गरोदर स्त्री किंवा एकच मूत्रपिंड असलेल्या रुग्णाने तर मुळीच नाही.

शिवाय कुशीत दुखते म्हणजे मुतखडाच, असेही नव्हे. साठीनंतर प्रथमच अशी कळ आली, तर फुगलेली महाधमनी फुटत नाही ना, हे आधी पाहावे लागते. पाळी चुकलेल्या स्त्रीत गर्भनलिकेतला गर्भ हे कारण असू शकते. वयात येणारे मुलगे तर लाजेपोटी ‘पोट दुखतंय’ एवढेच सांगतात. वृषणाला पीळ पडला असेल तर तो वाचवायला साधारण ६ तासच हाती असतात.

कुळथाचे कढण घरोघरी करतात. ते प्यायला हरकत नाही, पण त्यापायी तपासणी लांबवू नये. भरपूर पाणी पिणे पुढचा खडा टाळायला उपयोगी. कळ चालू असताना तांब्यामागून तांब्या रिचवल्याने खडा पुढे ढकलला जात नाही, उलटीच होते.

आणि कळ थांबली म्हणजे खडा पडलाच असे नाही. अडकलेला खडा कधी कधी दुखायचा थांबतो, मूत्रपिंड मात्र आतून निकामी होत राहते. म्हणून लघवी गाळून पाहावी, खडा सापडला तर डॉक्टरांना दाखवावा. न सापडल्यास बरे वाटत असले तरी पुन्हा सोनोग्राफी करून घ्यावी.