विश्लेषण : भाऊच्या धक्क्यावरचे 'सीगल' थंडीला घाबरून मुंबईत येतात का?

माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून डिसेंबरात रेवसची लाँच पकडली की मागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा लागतो. प्रवासी गाठी-शेव हवेत उडवतात, पक्षी वरच्यावर झेलतात. आपण सगळ्यांना सरसकट सीगल म्हणतो. मराठी नाव कुरव. त्यात तपकिरी डोक्याचा कुरव हमखास असतो. नावावरून शोधायला गेलात तर मात्र फसाल. हिवाळ्यात त्याचे डोके पांढरेच असते, कानामागे एक गडद ठिपका तेवढा दिसतो.

उन्हाळ्यात हा पक्षी लडाख, तिबेटच्या पठारांवरील तलावांकाठी अंडी घालतो. मग हिवाळ्यात इतक्या खाली का येतो? 'थंडी सोसत नाही म्हणून' हे उत्तर अर्धेच आहे.

अडचण थंडीची की अन्नाची?

पिसांखाली अडकलेली हवा हे उत्तम इन्सुलेशन असते. पोट भरलेले असेल तर अनेक पक्षी कडाक्याची थंडी काढतात. पण शरीर गरम ठेवायला इंधन लागते. तलाव गोठला की मासे आणि किडे बर्फाखाली जातात, शिवाय दिवसही लहान होतो. म्हणजे खर्च वाढतो आणि नेमके तेव्हाच कमाईचे तास घटतात. या हिशेबात हजारो किलोमीटर उडणे स्वस्त पडते.

निघायची वेळ कशी कळते?

मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. थंडी एखाद्या वर्षी लवकर पडते, एखाद्या वर्षी उशिरा. दिवस मात्र दरवर्षी ठरल्याप्रमाणेच लहान होतो. त्यानुसार शरीरातील हार्मोन बदलतात, पक्षी खा-खा सुटल्यासारखे खातात आणि चरबी साठवतात. दिशेसाठी सूर्य, तारे, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आणि ओळखीच्या खुणा असे एकाहून अधिक 'होकायंत्र' वापरले जातात. शिवडीच्या चिखलात धावणारा छोटा टिलवा जेमतेम २५ ग्रॅमचा असतो आणि तो आर्क्टिक प्रदेशातून येतो!

मग फ्लेमिंगोंचे काय?

माझगावहून काही किलोमीटरवर शिवडी. १९९०च्या दशकापासून इथे मोठ्या संख्येने फ्लेमिंगो येऊ लागले. पण त्यांचे गणित वेगळे आहे. कच्छच्या रणात पावसाचे उथळ पाणी साचले की ते तिथे घरटी करतात. पाणी आटू लागले की त्यातले बरेच मुंबईकडे वळतात. थंडी हेच कारण असते तर ते मार्चमध्येच परतले असते. प्रत्यक्षात घामाच्या धारा लागतात त्या मे महिन्यातही ते इथेच असतात आणि पावसाच्या तोंडावर निघतात.

इथे त्यांना मिळते चिखलातील सूक्ष्म शैवाल. लहान फ्लेमिंगो मान उलटी करून चोचीने ते गाळून खातो. खाडीत मिसळणाऱ्या सांडपाण्यातील पोषक द्रव्यांमुळेही शैवाल फोफावते, म्हणजे या गुलाबी गर्दीला आपल्या घाणीचाही हातभार आहे. ही कौतुकाची गोष्ट म्हणावी का, असा प्रश्न पडतो.

धोका कुठे?

ठाणे खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. मात्र शिवडीचा चिखलपट्टा त्या हद्दीबाहेर आहे. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू इथूनच समुद्रात शिरतो.

दुसरी अडचण भरतीची. चिखल पाण्याखाली गेला की पक्ष्यांना उभे राहायला उथळ जागा लागते. नेरूळ, सीवूड्सची तळी त्यासाठीच महत्त्वाची. तिथे येणारे भरतीचे पाणी अडले किंवा भराव पडला, तर खाडीत अन्न असूनही पक्ष्यांना टेकायला जागा उरत नाही. अभयारण्याची हद्द आखताना चिखल मोजला जातो, ही विश्रांतीची जागा सहज सुटते.

पाहायला कधी जावे?

शिवडी जेट्टीवर जाण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा. पूर्ण ओहोटीला पक्षी फार दूर असतात, पूर्ण भरतीला चिखलच दिसत नाही. मधले दोन-तीन तास चांगले. आणि लाँचमधून कुरवांना शेव टाकू नका. त्यांचे जेवण समुद्रात आहे.