पुराआधी दुकानात काय मागायचे?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा पावसात दुकानेही बुडतात, म्हणून खरेदी आधीच हवी. महागडा संच नको. सुटी, परवडणारी आणि मुदत न संपलेली वस्तू द्या, असे आम्ही वस्तीतल्या दुकानदारांना सांगतो.

ओआरएसचे २०.५ ग्रॅमचे, 'डब्ल्यूएचओ फॉर्म्युला' लिहिलेले पाकीट मागा. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात अख्खे पाकीट विरघळवा, २४ तासांत संपवा. बाटलीतले गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. क्लोरीनच्या गोळ्या, टॉर्चचे सेल, बीपी-शुगरची आठवड्याची औषधेही घेऊन ठेवा.

पुराच्या पाण्यातून चालल्यास लेप्टोची गोळी मात्र दुकानातून परस्पर घेऊ नका. ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठा.