विहिरीची वही

गावात पाण्याची चर्चा बारमाही असते, पण ती चालते अंदाजावर. एक म्हणतो, यंदा विहीर लवकर आटली. दुसरा म्हणतो, छे, गेल्या साली याहून वाईट होतं. खरं कोणाचं, ते ठरवायला हाताशी काहीच नसतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. निरीक्षण विहीर म्हणजे मोजमापासाठी कायमची ठरवून घेतलेली विहीर. पण अशी विहीर आपल्याच शिवारात असेल असं नाही. आपल्या ओढ्याकाठचा हिशेब आपणच ठेवायला हवा. त्यासाठी एक टेप, एक खडू आणि एक वही पुरते.

सुरुवात विहिरी निवडण्यापासून. एकच विहीर घेऊ नका. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर वसलेला आहे. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे मऊ, सच्छिद्र खडक, आणि त्याखाली अखंड पाषाण. पाणी साठतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत, त्यामुळे शंभर पावलांवरच्या दोन विहिरींचं एकमेकींशी जुळेलच असं नाही. एक विहीर वरच्या अंगाची, एक मधली आणि एक ओढ्याजवळची, अशा किमान तीन घ्या. उपसा कमी असलेली मिळाली तर उत्तम. बोअर सध्या सोडून द्या. मोटारीचा पाइप आत असताना तिथे टेप सोडणं कठीण जातं, आणि अडकला की टेपही जातो.

विहीर ठरली की मालकाला विचारा, आणि कशासाठी मोजतोय तेही सांगा. हे न केल्यामुळे अर्ध्या नोंदी दिवाळीपर्यंत बंद पडतात. कोणी तरी रोज विहिरीत डोकावतंय म्हटल्यावर शंका येणारच.

आता खूण. कठड्यावर एका जागी ऑइलपेंटने ठळक बाण काढा. टेप कायम तिथूनच सोडायचा. कठड्याची उंची जमिनीपासून मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कारण आपल्याला हवी आहे ती जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली. समजा बाणापासून पाणी ७.८५ मीटरवर लागलं आणि कठडा ०.९० मीटरचा आहे, तर नोंद ६.९५ मीटर. इथे माझीच एक फजिती सांगतो. आमच्या एका विहिरीचा कठडा दुरुस्तीत दोन फूट उंच झाला, बाण सिमेंटखाली गेला आणि मी जुनीच उंची वजा करत राहिलो. दोन महिने वहीत पाणी दोन फूट खाली गेलेलं. विहिरीत मात्र ते होतं तिथेच होतं.

प्रत्यक्ष मोजताना टेपच्या टोकाला लहानसं वजन बांधा आणि खालच्या मीटरभर भागावर खडू घासा. टेप सावकाश सोडा. वजन पाण्याला टेकलं की खाली तरंग उठतो. मग आणखी थोडा सोडा आणि टेपवरचा एखादा पूर्ण आकडा, समजा ८.००, बाणावर धरून क्षणभर थांबा. वर ओढल्यावर जिथवर खडू ओला होऊन गडद झाला असेल, तो आकडा ८.०० मधून वजा करा. बाकी राहिली ती बाणापासून पाण्यापर्यंतची लांबी. वजन टेपच्या शून्याच्या खाली लोंबत असलं तरी फरक पडत नाही, कारण आपण वाचतो ती ओली रेघ. अंधाऱ्या विहिरीत वाकून बघण्यापेक्षा हे सोपं आणि सुरक्षित आहे. सुताची दोरी मात्र वापरू नका. ओली झाली की ती आखडते.

सगळ्यात जास्त चुका वेळेच्या होतात. मोटार चालू असताना विहिरीची पातळी खरी नसते, आणि मोटार बंद केल्यावर लगेचही नसते. झऱ्यांनी पाणी भरून येऊन पातळी स्थिर व्हायला काही तास लागतात. शेतीची लाईट कित्येक ठिकाणी एका आठवड्यात दिवसाची, दुसऱ्यात रात्रीची. रात्रपाळी असेल तेव्हा सकाळी सात वाजता मोजलेली विहीर ही रात्रभर उपसलेली विहीर असते. म्हणून आधी मोटार केव्हा बंद झाली ते विचारा आणि वहीत तसा शेरा लिहा. पंधरा दिवसांतून एकदा मोजलंत तरी चालेल. पण ऑक्टोबर आणि मे चुकवू नका: एकात पावसाळ्यानंतरची कमाई दिसते, दुसऱ्यात वर्षाचा तळ.

आणखी एक गोंधळ हमखास होतो. पाणी खाली गेलं की आकडा वाढतो. सहा मीटरचे नऊ झाले म्हणजे पाणी वाढलं, असं वाचणारे लोक सभेत भेटतातच. त्यासाठी तक्त्यात शून्य वर आणि मोठे आकडे खाली लिहा, म्हणजे रेघ पाण्याबरोबरच उतरेल. आणि विहीर आटली तर पान कोरं ठेवू नका. ‘कोरडी, तळ ११.४०’ हीदेखील नोंदच आहे.

विहिरीचं पान एकटं फार बोलत नाही. शेजारी पावसाचं पान लागतं. महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर पावसाची नोंद होते, पण तिथे पडलेली सर आपल्या वाडीवर पडलीच असेल असं नाही. सरळ भिंतीचं, सपाट बुडाचं कोणतंही भांडं चालतं. त्याचा घेर किती, याची चिंता नको: तोंड मोठं असेल तर जास्त पाणी पडतं आणि तेवढ्याच मोठ्या बुडावर पसरतं. आतली उंची मिलिमीटरमध्ये मोजली की तोच पाऊस. थंड पेयाची बाटली कापून वापरणार असाल, तर तिचं वाकडं बुड खडी आणि पाण्याने सरळ भागापर्यंत भरा आणि तिथे शून्याची रेघ मारा. हे विसरलं की पहिल्याच पावसाचा आकडा फसतो.

भांडं उघड्यावर हवं. झाड किंवा भिंत जितकी उंच, निदान त्याच्या दुप्पट अंतरावर ते ठेवा. पागोळ्यांखाली ठेवलेल्या भांड्यांनी कित्येक गावांना चेरापुंजी केलंय! हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला वाचा, भांडं शून्याच्या रेघेपर्यंत रिकामं करा. पाऊस नसेल त्या दिवशी ० लिहा. कोरी जागा म्हणजे पाऊस पडला नाही, की मोजणारा लग्नाला गेला होता, हे पुढे कोणालाच कळत नाही. म्हणून मोजणारे दोघं असावेत.

आता बेरीज. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, आणि एका हेक्टरवर दहा हजार लिटर. हजार हेक्टरच्या गावात वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस पडला, तर आकाशातून आलं ४०० कोटी लिटर. आकडा ऐकून छाती फुगते, पण यातलं बरंचसं वाफ होऊन आणि वाहून जातं. काळ्या पाषाणाच्या मुलखात दहा टक्क्यांच्या मागेपुढेच मुरतं असं धरायचं.

सरकारी कागदात हाच हिशेब टीसीएममध्ये दिसेल. एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर. हजार माणसांना माणशी रोज ५५ लिटर धरलं, तर वर्षाला साधारण २० टीसीएम लागतात. एका हेक्टर उसाला पूर्ण हंगामात २,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. त्याचेही २० टीसीएमच होतात. हे दोन आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहून बघा. उसात थोडं पावसाचं पाणी असतं आणि ठिबकने बचतही होते, हे खरं. तरी फळा पुसायचा हात थांबतो. हरभऱ्याला ३०० मिलिमीटर धरले, तर हेक्टरी तीनच टीसीएम होतात.

या मांडणीला पाण्याचा ताळेबंद म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तो रूढ केला. तिथे पावसाची आणि विहिरींची नोंद गावात होते, ग्रामसभेत ताळेबंद मांडला जातो. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, मग उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते ठरवायचं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, असे नियमही त्यांनी स्वतःवर घालून घेतले. पोपटराव पवारांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. माझ्या मते मात्र त्या गावाकडून पहिल्यांदा घ्यावी ती मोजण्याची सवय. नियम आकड्यांमागून येतात. आधी आणले तर भांडणं होतात.

ताळेबंद मांडायचा तो ऑक्टोबरच्या मोजमापानंतर, रब्बीचं बियाणं घरात यायच्या आधी. डिसेंबरात सांगितलेला आकडा बरोबर असूनही निरुपयोगी, कारण तोवर पेरणी झालेली असते. ग्रामसभेत वाचलेले आकडे इतिवृत्तात लिहून घ्या. पुढे टँकरची मागणी करताना, किंवा पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत कोणी परवानगीविना नवी विहीर खणायला लागलं, तर तो कागद उपयोगी पडतो. त्या अंतराचं बंधन भूजल अधिनियम, २००९ मध्येच आहे.

पहिल्या वर्षी सभेत कोणी तरी उठून म्हणेलच, तुमचे आकडे खोटे आहेत. त्याच्याशी वाद घालू नका. वही, टेप आणि खडू त्याच्याच हाती द्या आणि मोटार बंद असेल अशा सकाळी त्याला विहिरीवर न्या. टेप त्यानेच सोडायचा, ओली रेघ त्यानेच वाचायची. सही तेवढी मागून घ्या.